परसूसाईंचा नेम

घरी आलेला माणूस ‘पाणी नको’ म्हणाला की माझं डोकं सटकतं. नको कसं? उन्हातून आलास, जिना चढलास, घे की मुकाट्याने दोन घोट. आमचे हे म्हणतात, अगं, नसेल त्याला तहान, कशाला बळजबरी करतेस. करते मी बळजबरी. तांब्या हातात घेऊन समोर उभी राहते आणि तो प्यायल्याशिवाय हलत नाही. ही खोड मूळची माझी नाही, परसूसाईंची. गेल्या पावसाळ्यात ते गेले आणि जाताना ती माझ्या गळ्यात घालून गेले.

उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात पडद्याच्या कापडाचं एक दुकान आहे. वर पोटमाळ्यावर आम्ही तिघीचौघी बायका पडदे शिवतो आणि खाली माल विकला जातो. परसराम हे त्यांचं नाव, पण उल्हासनगरात वडीलधाऱ्याला साईं म्हणतात, म्हणून परसूसाईं. दुकान त्यांच्या चुलतभावाचं. साईंचं काम म्हणजे ताग्यांपाशी उभं राहून गिऱ्हाइकापुढे कापड उलगडायचं आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा गुंडाळायचं. उंच, सडपातळ माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा-लेंगा आणि पायात कायम बूट. मे महिन्यातसुद्धा बूट. एकदा मी विचारलं, अहो साईं, पाय उकडून निघत नाहीत का तुमचे? तर म्हणाले, चपलेतला माणूस रिकामटेकडा दिसतो आणि रिकामटेकड्याला कोणीही हटकतं, कुठला तू, कुठे चाललास. बूटवाल्याला कोणी विचारत नाही. तेव्हा मला हा निव्वळ चक्रमपणा वाटला होता.

दुकानात कोणीही येवो, आधी भाजलेला पापड आणि पाणी, मग कापड. सिंधी घरांत ही रीतच आहे, पण दुकानात कोण पाळतं? चुलतभाऊ वैतागायचा, मखमलीवर पापडाचा चुरा पडतो म्हणून. साईं ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यात त्यांचा आणखी एक कायदा. गिऱ्हाइकाचा ग्लास रिकामा झाला की ते पुन्हा भरायचे, परत रिकामा झाला की परत भरायचे, समोरचा आपल्या तोंडाने ‘बस’ म्हणेपर्यंत. एकदा वांगणीकडच्या पाड्यावरची एक नवी नवरी सासूबरोबर आली होती. बिचारीला वाटलं, दिलेलं पाणी टाकलं तर सासू रागावेल. ती ग्लासावर ग्लास रिचवतेय आणि हे ओततायत. शेवटी मी वरून ओरडले, अगं, बस म्हण, नाहीतर हा माणूस बोअरिंग आटवेल. सगळं दुकान हसलं, ती नवरीसुद्धा. साईंनी मात्र मला नंतर नीट समजावलं. देणाऱ्याने थांबायचं नसतं, अदी. घेणाऱ्याने थांबवायचं. देणाराच बस म्हणाला तर ते पाणी दिलं नाही, मोजलं.

अदी म्हणजे सिंधीत बहीण. माझ्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस, पण मला अदीच म्हणायचा, आणि मी वाटेल ते तोंडाळपणे बोलले तरी ऐकून घ्यायचा.

गाव कुठलं असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, ‘कॅम्प पाच.’ त्यापुढे अक्षर नाही. खरं गाव सिंधमध्ये, शिकारपूरच्या बाजूला. आता कुणी म्हणेल त्यात काय, उल्हासनगरातली निम्मी घरं तिकडचीच. पण ती घरं आली फाळणीत, निर्वासितांच्या कॅम्पांत. परसूसाईं आले त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आमच्या डोळ्यांदेखत, लहानग्या लेकीचा, रेश्माचा, हात धरून. बायको तिकडेच वारलेली. त्यांच्या वडिलांनी फाळणीत गाव सोडलं नव्हतं, कारण त्यांना वाटलं, गडबड आहे, दोनेक महिन्यांत निवळेल. ‘माझा बाप दोन महिने थांबला, अदी,’ साईं म्हणायचे, ‘आणि त्यातच मी म्हातारा झालो.’

म्हणजे कागदावर हा माणूस पाकिस्तानचा. इथे राहायची परवानगी होती, पण ती उल्हासनगरापुरती. बाहेर पाऊल टाकायचं तर आधी अर्ज, मग परवानगी. नियम पुढे सैल झाले असं कोणी कोणी सांगायचं, पण त्यांच्या कागदावर उल्हासनगर लिहिलं होतं आणि त्या एका शब्दाच्या बाहेर जायची त्यांची छाती नव्हती.

मी अंबरनाथची. शिवमंदिराच्या बाजूला आमचं घर. संध्याकाळी दुकान सुटलं की आम्ही दोघं शेअर रिक्षाने कॅम्प पाचला उतरायचो. तिथून माझं घर चालत जाण्यासारखं, आणि साईं मला सोडायला निघायचे. सोडायला म्हणजे कुठवर, तर उल्हासनगर संपून अंबरनाथ लागतं तिथवर. तिथे कमान नाही, नाका नाही. दोन्हीकडच्या पालिकांनी आपापल्या हद्दीपुरता रस्ता केलाय, म्हणून मधे एक सांधा पडलाय. अलीकडे डांबर, पलीकडे काँक्रीट. बुटाचं टोक त्या सांध्याला लागलं की साईं थांबायचे. बोलत असले तर वाक्य तिथे उभं राहून पुरं करायचे आणि वळायचे.

पलीकडे एक चणे-शेंगदाणेवाला बसायचा. साईंना शेंगदाण्यांचा भारी सोस. ते सांध्यावरून हात लांब करायचे, त्या भय्याने उठून यायचं आणि पुडी द्यायची. एक दिवस भय्या वैतागला. ‘चाचा, दो कदम आप भी तो चलो,’ म्हणाला. साईं हसले आणि पुडी न घेताच परतले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी शेंगदाणे खाल्ले नाहीत. मग मीच भय्याला दम दिला आणि तो पुन्हा उठून यायला लागला.

मला राग यायचा, का येणार नाही? महाशिवरात्रीला आमच्याकडे एवढी जत्रा भरते, कुठून कुठून माणसं येतात, आणि हा माणूस हाकेच्या अंतरावर नारळ घेऊन उभा. माझ्या हातात द्यायचा आणि सांगायचा, माझ्या नावाने फोड. मी म्हणायचे, साईं, चला गुपचूप, ह्या गर्दीत कोण बघतंय तुम्हाला? एकदा त्यांनी उत्तर दिलं. ‘अदी, रेश्माचा नागरिकत्वाचा अर्ज माझ्या अर्जाला बांधलाय. मी इथे एक पाय टाकला आणि कोणी लिहून घेतलं, तर तिचं आयुष्य अडकेल. देवाला काय, तो नारळ तुझ्या हातचा पण घेईल.’ त्यानंतर मी त्यांना कधी चला म्हटलं नाही.

एकदा बाजारातल्या हॉलमध्ये सिंधी मंडळींची सभा होती. स्टेजचा पडदा आमच्या दुकानाने शिवला होता, तो लावायला मी शिडीवर चढले होते, म्हणून सगळं ऐकलं. विषय होता सिंध्यांचं स्वतःचं राज्य. एक गृहस्थ तावातावाने बोलत होते, मराठ्यांना महाराष्ट्र मिळाला, गुजरात्यांना गुजरात, पंजाब्यांना पंजाब, आपल्याला काय मिळालं? कॅम्प. कॅम्प एक ते कॅम्प पाच. दुसऱ्याचं म्हणणं, कच्छच्या कोपऱ्यात पडीक जमीन आहे, ती मागू. तिसरा म्हणाला, जमीन हवीच कशाला, बिनजमिनीचं राज्य मागू, आपल्या शाळा, आपली भाषा, आपलं मंडळ. मागून एक पोरगा म्हणाला, अंकल, पहले पार्किंग का कुछ करो. त्यावर हशा झाला, मग रागवारागवी झाली. चहा येऊन गेला.

तेवढ्यात कोणाला तरी आठवलं की परसराम तर अगदी अलीकडे तिकडून आलाय, सिंधची माती बघून आलाय, त्याला बोलू द्या. साईं नको नको म्हणत होते तरी वर ढकललं त्यांना. बूट वाजवत ते माइकपाशी गेले. मग म्हणाले, ‘मला राज्य नको. मला नुसतं अंबरनाथपर्यंत जाऊ द्या.’

लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. शिडीवर मी एकटीच न हसता हूक अडकवत बसले होते.

टाळ्या थांबल्यावर एक म्हातारा व्यापारी उठला. म्हणाला, तू ह्या विषयावर बोलूच नकोस. आम्ही घरंदारं टाकून, अंगावरच्या कपड्यांनिशी हिंदुस्थानात आलो. तुझ्या बापाने जमीन धरून ठेवली. तू सिंधी नाहीस, तू पाकिस्तानी आहेस. माझ्या हातात हातोडी होती आणि मनात काय आलं ते लिहीत नाही. साईं स्टेजवरचा वक्त्यांसाठी ठेवलेला तांब्या आणि ग्लास घेऊन खाली उतरले आणि त्या म्हाताऱ्यासमोर जाऊन ग्लास भरला. म्हातारा प्यायला. ह्यांनी पुन्हा भरला. तो पुन्हा प्यायला, रागारागाने. तिसऱ्या वेळी मात्र त्याने डोळे मिटून ‘बस’ म्हटलं आणि खाली बसला.

बाहेर आल्यावर पाहिलं तर साईंचा सदरा पाठीवर भिजला होता. रिक्षात म्हणाले, तिकडे मला सांगायचे की तुझा देश पलीकडे आहे. इकडे हा सांगतो की तुझा देश पलीकडे आहे. मधे नुसती तार आहे, अदी. तारेवर माणूस कसा राहील? मी त्यांचा हात धरून बसले.

आता रेश्माचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतं.

रेश्मा मोठी झाली आणि आमच्या पोटमाळ्यावर शिवणकामाला आली. हात झकास, चेहरा बापासारखा लांबट. आमच्या दुकानातर्फे घरोघर जाऊन पडद्यांचे रॉड लावणारा महेश म्हणून एक मुलगा होता, बदलापूर गावातला, मराठी. शेतकऱ्याचं घर, शेतं गेली आणि तिथे इमारती आल्या, पण गावातलं आपलं घर त्यांनी ठेवलं होतं. महेश पडदे न्यायला दिवसातून जरा जास्तच वेळा वर येतो हे मला आधी कळलं, मग साईंना. पोरगा सरळ होता. साईंनी होकार दिला. महेशने एकच विनंती केली. म्हणाला, माझी आई भाबडी आहे, पाकिस्तान हा शब्द ऐकला तरी तिच्या छातीत धडधडतं. तिला एवढंच सांगूया की उल्हासनगरचे सिंधी. आता हे खोटं थोडंच होतं? साईं हो म्हणाले.

सुपारी फोडायला महेशची आई, सुनंदाबाई, कॅम्प पाचला आल्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, मोठ्या मनाची बाई. उठताना हात जोडून म्हणाल्या, आता पुढल्या रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचं, घर बघायचं, पोर कुठे देताय ते बघायचं. सगळ्यांसमोर म्हणाल्या. साईंचा चेहरा मला दिसत होता. बदलापूर म्हणजे अंबरनाथच्याही पलीकडे. नाही कसं म्हणायचं आणि कारण काय सांगायचं? आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘आमच्यात मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत.’

सुनंदाबाई म्हणाल्या, बरं, पानी नका पिऊ, नुसते या. तर हे आणखी पुढे गेले. म्हणाले, जिथे पाणी प्यायचं नाही तिथे जाऊन यजमानाला लाजवायचं नाही, म्हणून आमच्यात बाप मुलीच्या घरी जातच नाही. सुनंदाबाईंनी छातीवर हात ठेवला. ‘केवढा नेम हो तुमचा,’ म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना तो माणूस त्या क्षणी केवढा मोठा वाटला असेल.

मंडळी गेल्यावर साईं आधी पोट धरून हसले. त्यांच्या आजोबांचा खरंच तसा नेम होता म्हणे. लेकीच्या गावाला जाताना म्हातारा स्वतःच्या विहिरीचं पाणी मटक्यात भरून गाढवावर लादून न्यायचा, आणि लहानपणी साईं त्याला वेडा समजायचे. ‘आजोबाचा मटका आज माझ्या डोक्यावर आला, अदी,’ म्हणाले आणि हसता हसता रडायला लागले. रेश्मा दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती येऊन बापाच्या गुडघ्यापाशी बसली.

लग्न कॅम्प पाचच्याच हॉलमध्ये झालं. बदलापूरला नवऱ्याच्या घरी राहायची परवानगी रेश्माला अर्ज करून मिळाली. काही वर्षांनी रेश्माचं काम नवऱ्याच्या आधारावर मार्गी लागलं, ती कागदोपत्री इथली झाली. साईंचं मात्र रखडलं. त्यांच्या तिकडच्या पासपोर्टची मुदत कधीच संपलेली, नवा करायचा तर दिल्लीला जा, दिल्लीला जायचं तर परवानगी काढा, परवानगीला पासपोर्ट दाखवा. मी म्हटलं, साईं, तुमची आपली शिलाई उसवायची आणि तीच पुन्हा घालायची. ते म्हणाले, धागा आहे तोवर घालू.

रेश्मा अधूनमधून भेटायला यायची. आणि तिकडे बदलापुरात तो नेम वाढत चालला. सुनंदाबाईंनी अख्ख्या आळीला सांगितलं, आमचा व्याही असा, लेकीच्या घरचा पाण्याचा थेंब घेत नाही. आळीतल्या बायका आधी म्हणायच्या, सिंधी बाप गर्विष्ठ दिसतोय, कधी फिरकत नाही. त्यांची तोंडं बाईंनी ह्या नेमानेच बंद केली होती. रेश्मा माहेरी यायला निघाली की बाई तिच्याबरोबर खायचा एक दाणा पाठवायच्या नाहीत, साईंचा नेम मोडेल म्हणून. दुसऱ्या सुनांबरोबर डबे जायचे, हिच्याबरोबर कौतुकाने रिकामी पिशवी.

एकदा साईंनी मला विचारलं, आपल्या नळाला पाणी कुठून येतं गं? मी म्हटलं, बारवी धरणाचं. ते कुठे? बदलापूरच्या पलीकडे. तेव्हापासून दुकानात कोणाला पाणी दिलं की हळूच म्हणायचे, प्या, माझ्या लेकीकडून आलंय.

रेश्माला मुलगी झाली. बारशाला मी गेले, नाव ओवी ठेवलं. परत येताना सुनंदाबाईंची नजर चुकवून एक पेढा रुमालात बांधला. साईं सांध्यावर उभे होते, नवा सदरा घालून, बदलापूरच्या बाजूला तोंड करून. मी पेढा पुढे केला. त्यांनी बघितला, वास घेतला आणि परत दिला. मी म्हटलं, अहो, खोट्या नेमाचं कसलं एवढं सोवळं? कोण बघतंय इथे? म्हणाले, आज खाल्ला तर उद्या कोणापुढे तरी तोंडातून निघून जाईल की पेढा गोड होता. मग सुनंदाबाई खोट्या पडतील आळीत. माझ्यामुळे त्या खोट्या पडायला नकोत. मला रडूच फुटलं. पेढा मी त्या शेंगदाणेवाल्याला दिला.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचं काम झालं. कसं झालं, कोणत्या टेबलावरून कुठे गेलं, मला ठाऊक नाही. दुकानात आले, मला पापड आणि पाणी दिलं. मी पाणी पीत राहिले, ते भरत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं. मी बस म्हणायचंच विसरले.

त्या संध्याकाळी आम्ही सांध्यापाशी आलो आणि साईंचे बूट आपोआप थांबले. मी पलीकडे जाऊन उभी राहिले. चला, म्हटलं. त्यांना पाऊल उचलवेना. हसत होते, कपाळ पुसत होते, पण पाय हलत नव्हते. शेवटी तो भय्या उठला, पुडी बांधली आणि तिथूनच म्हणाला, ‘चाचा, आज मैं नहीं आनेवाला.’ तेव्हा कुठे साईं पलीकडे आले. शिवमंदिरात गेलो, नारळ स्वतःच्या हाताने फोडला. फुटेना लवकर, सवय नव्हती.

मग मे महिन्यातल्या एका रविवारी बदलापूर. महेश व्हॅन घेऊन आला. साईंना एकटं जायची भीती वाटत होती, म्हणून मी बरोबर. वाटेत ठरलं की आज सुनंदाबाईंना सगळं खरं सांगून टाकायचं. रेश्मानेही फोनवर तेच सांगितलं होतं, बाबा, आता कसली भीती, सांगा आणि माझ्या हातचं पाणी प्या.

पण पोचलो तर ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. सुनंदाबाईंनी आळीतल्या सगळ्या बायका बोलावल्या होत्या. कशाला? तर नेमाचा माणूस बघायला. आमच्या सुनेच्या प्रेमाने व्याह्यांनी नेमातला अर्धा भाग सोडला, घरी आले, पण पाण्याचा नेम सोडणार नाहीत, असं त्या अभिमानाने सांगत होत्या. म्हाताऱ्या बायका साईंना वाकून नमस्कार करत होत्या. साईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, सांगा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. नंतर मला म्हणाले, इतक्या बायकांसमोर मी सुनंदाबाईंना कसं खोटं पाडू, अदी.

त्यात वीज गेली. अंगाची लाही होत होती. कोकम सरबत आलं, बर्फ घातलेलं. रेश्माच्या हातात ट्रे होता. ती एकेकाला देत बापासमोर आली आणि क्षणभर थांबली. ग्लास एकमेकांना लागून वाजले. मग ती पुढे गेली. मी माझा ग्लास तसाच खाली ठेवला. सुनंदाबाई साईंच्या शेजारी बसून हातपंख्याने त्यांना वारा घालत होत्या, स्वतः घामाने निथळत. तेवढ्यात ओवी आपला उष्टा ग्लास दोन्ही हातांत धरून आली आणि आजोबांच्या तोंडाशी नेला. सुनंदाबाईंनी तिला हळूच मागे ओढलं. ‘नको गं बाय,’ म्हणाल्या, ‘आजोबांचा नेम मोडंल.’

साईंनी ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, पुढच्या वेळी.

पुढची वेळ आली नाही. जुलैमध्ये, कॅम्प पाचच्या त्यांच्या खोलीत, सकाळी दुकानाला निघताना, बूट घालता घालता साईं गेले. एक बूट पायात होता, दुसरा हातात. रेश्मा आली तेव्हा बोलायला काही उरलं नव्हतं.

बाराव्याला सुनंदाबाई आल्या होत्या. सगळे पांगल्यावर रेश्माने त्यांना खरं काय ते सांगितलं. सिंध, कागद, रस्त्यावरचा तो सांधा, सगळं. मला वाटलं बाई रागावतील, एवढी वर्षं फसवलं म्हणतील. पाकिस्तान हा शब्द तर त्यांच्या कानावरून तसाच गेला. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘माज्या घरात मानूस तानेला बसला, नि मी त्याला वारा घालीत बसले.’ मग त्या अशा रडल्या की रेश्मालाच त्यांना धरावं लागलं.

मला ते बघवेना. म्हणून मी त्यांना जे माहीत नव्हतं ते सांगितलं. त्या रविवारी आम्ही बदलापूरहून निघालो, निरोप झाले, बायका पांगल्या. व्हॅन आळीच्या तोंडाशी उभी होती, महेश ती वळवून घेत होता. तिथे एक जुना हापसा आहे, आता फारसं कोणी वापरत नाही. साईं त्याच्यापाशी थांबले. मी दांडा धरणार तोच मागून चपलांचा आवाज आला. रेश्मा धावत आली होती, काहीतरी विसरल्याचं निमित्त करून, रिकाम्या हाताने. तिने माझ्या हातातून दांडा घेतला आणि हापसायला लागली. आधी नुसता कोरडा आवाज, मग गढूळ, मग चांगलं पाणी आलं. साईं बुटांसकट पुढे वाकले आणि ओंजळ धरली. बूट भिजले, सदरा भिजला, कोपरावरून पाणी ओघळत होतं. तहान भागायला लागतं त्याच्या कितीतरी पलीकडे ते पीत राहिले. व्हॅनचा हॉर्न दोनदा वाजला. त्यांनी बस म्हटलं नाही, आणि तिनेही हात थांबवला नाही.